नानाच्या मागचा माणूस

मी कपडा हातात घेतला की आधी उलटा करून बघते. वरून सगळेच कपडे चांगले दिसतात, खरं काय ते आतल्या शिवणीत असतं. इतकी वर्षं लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देता देता माणसांनाही उलटं करून बघायची सवय मला लागली आहे. या सवयीने माझं कधी नुकसान झालं नाही. निदान मला तसं वाटायचं.

नाना माझा धाकटा भाऊ. नाना हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो सगळंच म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश करायचा. घास सावकाश, पावलं सावकाश, उत्तर तर इतकं सावकाश की विचारणारा प्रश्नच विसरून जायचा. म्हणून आई गमतीने नाना म्हणायला लागली आणि तेच चिकटलं. आता तो पस्तिशी ओलांडलेला, माझ्याहून हातभर उंच माणूस आहे. वाचणं त्याला जमलं नाही. नवीन गोष्ट शिकायला वेळ लागतो, आणि दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की दोन्ही सांडतात. एकदा शिकला मात्र की शिकला. आईबाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

त्याला नोकरी लागली ती हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत. ज्यांना शिकायला जड जातं अशांना कामाला लावणारी एक संस्था आहे, तिच्या बाईंनी ती मिळवून दिली. या बाई कामावर येऊन नानाला शिकवायच्या. त्या इतकं गोड बोलायच्या की मी मनातल्या मनात त्यांचं नाव गोडबाई ठेवलं होतं. तोंडावर अर्थातच मॅडम.

पहिल्या आठवड्यात मी लाँड्री बघायला गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. गोडबाईंनी हौसेने सगळं दाखवलं. नानाच्या टेबलासमोर भिंतीवर मोठे फोटो लावले होते. चादर उचलणं, झटकणं, कोपरे जुळवणं, घडी घालणं. फोटोतला माणूस नानाच. स्वतःकडे बघून तो स्वतःचं काम शिकत होता. ट्रॉल्यांना रंगीत फिती बांधलेल्या, हिरवी हॉस्पिटलची, निळी हॉटेलची. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला की नाना दचकून कानावर हात ठेवायचा, म्हणून त्याच्या टेबलावर एक दिवा बसवला होता. भोंग्याच्या जरा आधी दिवा लागायचा, की नाना तयार.

"हे सगळं एका माणसासाठी?" मी विचारलं.

"दिव्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो," गोडबाई म्हणाल्या. "आणि ट्रॉल्यांची अदलाबदल आता कोणाकडूनच होत नाही."

मी मान डोलावली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढा खर्च, एवढी हौस, कशासाठी? घोडं कुठेतरी पेंड खात असणारच.

माझ्या संशयाला कारण होतं. याआधी नाना एका गोदामात कामाला होता. तिथेही सगळे फार गोड. एकदा तो अगदी खुशीत घरी आला. म्हणाला, "ताई, मला टेबलावर उभं केलं. मी गाणं म्हटलं. सगळे हसत होते." तो तर हारतुरे मिळाल्यासारखा सांगत होता. मी दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन त्या सगळ्यांची अशी काही हजेरी घेतली की अजून विसरले नसतील, आणि नानाला हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर कितीतरी महिने तो सकाळी शर्ट घालून दारात उभा राहायचा. नोकरी का सुटली, ते त्याला कळायचं नाही आणि मला सांगता यायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

सुरुवातीला सकाळी सोडायला आणि संध्याकाळी आणायला मीच जायचे. मग एक दिवस नाना म्हणाला, "ताई, संध्याकाळी येऊ नको. लाँड्रीची गाडी सोडते."

"घरापर्यंत?"

"कोपऱ्यापर्यंत."

नानाला थाप मारता येत नाही, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. शिवाय माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. तेव्हा संध्याकाळी मी खिडकीतल्या शिलाई मशीनवर बसायचे, पडदा एका बोटाने बाजूला सारून रस्त्याकडे बघायचे, आणि ठरल्या वेळी नाना कोपऱ्यावरून येताना दिसायचा. गळ्यात त्याच्या फोटोचं ओळखपत्र. ते तो जेवतानाही काढायचा नाही. भाजीचा डाग पडू नये म्हणून शर्टाच्या आत सरकवायचा.

सगळं सुरळीत होतं, आणि तेच मला खुपत होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पहिली म्हणजे त्याच्या हाताचा वास. चादरींची घडी घालणाऱ्याच्या हाताला साबणाचा वास यावा. नानाच्या तळव्यांना लोखंडाचा यायचा, माझ्या जुन्या कात्रीला येतो तसा. मी विचारलं तर त्याने हात पाठीमागे घेतले. नाना माझ्यापासून हात लपवतो आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

दुसरी गोष्ट त्याचं पुटपुटणं. जेवताना, आंघोळ करताना, झोपेच्या आधी एकच घोकंपट्टी. "दवाखाना. पाण्याची टाकी. पूल. पिवळी भिंत, उठ."

"कसली रे पिवळी भिंत?"

"काही नाही."

"कोणी शिकवलं हे?"

तो म्हणाला, "काम आहे."

चादरी धुणाऱ्या लाँड्रीत पाण्याची टाकी आणि पूल कशाला लागतो? माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. याला कुठेतरी पाठवतात का? काहीतरी पोचवायला लावतात का? साधा माणूस आहे, पकडला गेला तर कोणाचं नाव सांगणार नाही, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार? मी गोडबाईंना फोन लावला.

"ते फार छान करताहेत," त्या म्हणाल्या.

"ते कोण?"

"नाना."

आमच्या नानाला कोणी अहो-जाहो केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं त्या त्यांच्या साहेबांविषयी बोलताहेत. "बरं, ती गाडी वेळेवर सोडते ना त्याला?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग त्या जपून म्हणाल्या, "त्याबद्दल तुम्ही त्यांच्याशीच बोललात तर बरं होईल. महिनाअखेर त्यांना कायम करायचं चाललंय, हे तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. मी फोन ठेवला. कायम करणार, तेही मला न सांगता, आणि गाडीचं नाव काढताच बाईंची वाचा बसली. आता मला पाणी मुरताना नुसतं दिसत नव्हतं, ऐकूही येत होतं. मी त्याच क्षणी ठरवलं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि काही वावगं सापडलं की नानाची नोकरी बंद. पुन्हा त्याला शर्ट घालून दारात उभं राहिलेलं बघावं लागलं तरी चालेल, पण कोणाच्या हातातलं खेळणं होऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोक्याला रुमाल बांधला, जुना चष्मा लावला आणि सुटायच्या वेळेआधी लाँड्रीसमोरच्या चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीआड जाऊन उभी राहिले. चावीवाल्याने दोनदा विचारलं, काय हवंय. शेवटी मी ट्रंकेची एक चावी करायला दिली. आमच्या घरात ट्रंक नाही.

फाटक उघडलं. माणसं बाहेर पडली, त्यात नानाही. गाडीचा पत्ता नव्हता. नाना एकटाच डावीकडे वळला आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला.

आणि त्याच्या मागून एक माणूस निघाला.

टोपी डोळ्यांवर ओढलेली, खांद्याला पिशवी. नाना चालला की तो चालायचा. नाना बुटाची नाडी बांधायला वाकला, तसा हा एका दुकानाच्या काचेत बघत उभा राहिला. दुकान बायकांच्या अंतर्वस्त्रांचं होतं. नाना उठल्यावर टोपीवाला असा काही दचकून निघाला की माझा संशय तिथल्या तिथे पक्का झाला. असा माणूस सरळ असूच शकत नाही.

बस आली. नाना पुढच्या दाराने चढला, टोपीवाला मागच्या, आणि त्याच्या पाठोपाठ मी. नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि समोरचा लोखंडी दांडा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला. हाताच्या वासाचं कोडं मला तिथे उलगडलं. टोपीवाला मध्ये बसला. बसमधले झाडून सगळे खिडकीबाहेर बघत होते. हा एकटा नानाच्या मानेकडे बघत होता, आणि मी याच्या.

ड्रायव्हरच्या आरशात नानाचे ओठ हलताना दिसत होते. दवाखाना गेला. पाण्याची टाकी गेली. पूल आला आणि गेला. मला लख्ख कळलं की हा घराचा रस्ता आहे. कोणीतरी नानाला घराचा रस्ता शिकवला होता. कळलं, तरी संशय गेला नाही. संशयाचं असंच असतं, एक भोक बुजलं की दुसऱ्यातून आत येतो. रस्ता शिकवला असेल, पण मग हा टोपीवाला कोण?

आता पिवळी भिंत यायची होती. आमच्या थांब्याच्या अलीकडे जुन्या शाळेची लांबच लांब भिंत आहे, ती पिवळी. मी रोज तिथून जाते आणि ती पिवळी आहे हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. पण त्या दिवशी भिंत आलीच नाही. म्हणजे भिंत होती, तिच्यावर शिड्या लावून दोघं रंगारी उभे होते, आणि ती आता निळी झाली होती. अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

नाना अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. त्याने मान वळवून मागे पडणाऱ्या भिंतीकडे बघितलं. बस आमच्या थांब्यावर थांबली, दोन प्रवासी उतरले, बस निघाली. नाना उतरला नाही. त्याचे ओठ हलायचे थांबले होते. मग त्याने सावकाश तोंड ड्रायव्हरकडे वळवलं.

त्याच वेळी टोपीवाला ताडकन उठला आणि नानाच्या दिशेने झेपावला. मीही उठले. त्याने पुढे टाकलेलं पाऊल खाली टेकायच्या आत मी त्याची कॉलर मागून पकडली.

"सोडा! कोण आहात तुम्ही?" तो म्हणाला.

"मी कोण ते नंतर. आधी तू सांग, माझ्या भावाच्या मागे का लागलायस? रोज त्याला कुठे नेतोस? बोल."

"अहो बाई, कॉलर फाटेल."

"फाटू दे. शिवते मी."

बसभर गलका झाला. कोणी म्हणालं पाकीटमार, कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा. ड्रायव्हरने बस कडेला घेतली आणि मागे वळून शांतपणे सांगितलं, "भांडण खाली. गाडीत नाही." आम्ही खाली उतरलो. मी, माझ्या मुठीतली कॉलर आणि कॉलरीतला माणूस. आमच्या मागून नाना. झटापटीत टोपी पडली होती, ती त्याने उचलून आणली होती.

"काका?" नाना म्हणाला.

टोपीखालून निघालेला माणूस साठीच्या घरातला होता, आणि कानापर्यंत लाल झाला होता. लाँड्रीत इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर काम करणारा. माझी पकड सैल झाली. त्याने कॉलर सारखी केली आणि बूट बघत बघत सगळं सांगितलं. कायम व्हायचं तर कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, ताईच्या भरवशावर जमायचं नाही. म्हणून नानानेच गोडबाईंना सांगितलं, मला बस शिकवा. आधी गोडबाई त्याच्या शेजारी बसायच्या. मग मागच्या सीटवर. मग बसच्या दुसऱ्या टोकाला. शिकवायची त्यांची पद्धतच अशी, आधी जवळ राहायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. शेवटी त्या म्हणाल्या, आता तुम्ही एकटे जा.

"पण बाईंचा जीव राहीना," काका म्हणाले. "मला म्हणाल्या, थोडे दिवस लांबून लक्ष ठेवा. त्यांना कळू देऊ नका."

"आणि मला का सांगितलं नाही?"

काकांनी नानाकडे बघितलं. नाना म्हणाला, "तू आली असतीस."

म्हणजे गाडी नव्हतीच कधी. नानाने आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली होती आणि ती इतके दिवस टिकवलीही होती, तीही माझ्यासमोर. तरी सवय जाईना. मी काकांना विचारलं, "पण तुम्ही कशाला रोज हा उपद्व्याप करता?"

"ड्युटीत धरतात हो," ते म्हणाले. "फुकट कोण फिरतंय."

खरं सांगते, त्या सगळ्या गोंधळात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते हे ऐकून. फुकटचा चांगुलपणा मला पचत नाही. ड्युटी कळते.

नाना मात्र तिथेच अडकला होता. त्याने टोपी काकांच्या हातात दिली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बाई म्हणाल्या, एकटा. मी रोज एकटा आलो. मी खुश होतो." मग त्याने आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी एकटा नव्हतोच."

काका काहीतरी पुटपुटले, काळजी वगैरे. मी म्हटलं, "नाना, भिंतीचा रंग बदलला होता रे. तू चुकला असतास."

"मी ड्रायव्हरला विचारणार होतो," नाना म्हणाला. "बाईंनी शिकवलंय. चुकलं तर ड्रायव्हरला विचारायचं. मी विचारतच होतो."

ते खरं होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याने तोंड उघडलं होतं, आणि त्याच्या तोंडातला प्रश्न बाहेर यायच्या आत आम्ही दोघांनी गाडी डोक्यावर घेतली होती. मला लाज वाटली, आणि मला सहसा वाटत नाही.

नानाने हाताचा पंजा पुढे केला. लाँड्रीत ट्रॉली थांबवायची असली की असा हात दाखवतात, मी बघितलं होतं.

"तुम्ही थांबा," तो म्हणाला. "दोघं पण."

आणि बस ज्या रस्त्याने आली होती त्या रस्त्याने तो परत मागे चालू लागला. पुढे एका किराणा दुकानासमोर थांबला. दुकानदाराशी काहीतरी बोलला. दुकानदाराने हात लांब करून दाखवलं. नाना पुढे गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

माझे पाय आपोआप उचलले गेले. काका हळूच म्हणाले, "बाई, आपल्याला थांबायला सांगितलंय."

आम्ही थांबलो. दोन म्हातारी होऊ घातलेली माणसं, शाळेत शिक्षा झाल्यासारखी रस्त्याच्या कडेला उभी. काकांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी ती प्यायच्या आधी वास घेतला. काकांनी ते बघितलं. मग मी म्हटलं, उद्या शर्ट पाठवून द्या नानाकडे, कॉलर नीट करून देते. ते हो म्हणाले.

घरी जायचं तर होतंच, पण नाना ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्याने जायची हिंमत होईना. मी मागच्या गल्लीतून गेले. तिथे पाण्याचा पाइप फुटून सगळा चिखल झालाय, कोणी शहाणं माणूस त्या वाटेने जात नाही. गुडघे शिव्या देत होते. घरी पोचले तर दाराला कुलूप. नाना आला नव्हता.

मशीनवर बसले. पडद्याला बोट लावलं आणि काढून घेतलं. पुन्हा लावलं. आता खिडकीत बसून त्याची वाट बघणं हेसुद्धा मागे लागणंच झालं का, हे मला कळेना. त्याने रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं असेल का? दुकानदाराने नीट सांगितलं असेल का, की गंमत केली असेल? माझा जगातल्या प्रत्येक दुकानदारावर संशय घेऊन झाला, तेव्हा दाराच्या लॅचमध्ये चावी फिरली.

नाना आत आला. त्याने बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले. माझ्याकडे न बघता थेट खिडकीशी गेला, पडदा एका बोटाने बाजूला सारला आणि रस्ता बघितला. डावीकडे, उजवीकडे, समोरच्या दुकानांच्या कोपऱ्यात. मी रोज हे करताना मागून कशी दिसत असेन, ते मला त्या दिवशी कळलं.

"काका कुठे?" त्याने विचारलं.

"त्यांच्या घरी गेले."

"बाई?"

"नव्हत्याच त्या."

"तू?"

"मी मागच्या गल्लीतून आले. तुझ्या मागे नव्हते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो दाराशी गेला, वाकला, माझी चप्पल उचलली आणि उलटी करून बघितली. तळाला ओला चिखल थापलेला होता. नानाने त्याला बोट लावून पाहिलं, मग चप्पल हळूच खाली ठेवली.

"हो," तो म्हणाला. "मागची गल्ली."

हे त्याला कोणी फोटो लावून शिकवलं नव्हतं. हे तो माझ्याकडून शिकला होता.

"म्हणजे आज एकटा," नाना म्हणाला, आणि हसला. ओळखपत्र शर्टाच्या आत सरकवून जेवायला बसला. भाजी वाढताना मला ऐकू येत होतं. "दवाखाना. पाण्याची टाकी. पूल. निळी भिंत, उठ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन ओढत ओढत फिरवलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. संध्याकाळी त्याची यायची वेळ झाली तेव्हा एका पँटची खालची दुमड शिवायला घेतली होती. रस्त्यावर पावलं वाजत होती, कोणाकोणाची. मी ती दुमड उलट्या बाजूने शिवली, उसवली आणि पुन्हा तशीच शिवली, पण वळून बघितलं नाही.